खरं लिहूनही पैसे परत येतात, ताई

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं आहे:

"आम्ही बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मिस्टर उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात आहेत, पगार महिन्याला ८० हजार. वडिलार्जित शेतात ऊस असतो, सगळा खर्च जाऊन वर्षाला अडीच लाख राहतात. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याचं शैक्षणिक कर्ज काढलंय. सासूबाई ७२ वर्षांच्या, गेल्या दिवाळीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहकारी सोसायटीत साडेसात लाख ठेवलेत, त्यातले दीड लाख टॅक्स वाचावा म्हणून पाच वर्षांसाठी. तरी वर्षभरात पगारातून ५८,६५६ रुपये टॅक्स कापला. आमच्या धाकट्या दिरांची फाइल शहरातला एक माणूस भरतो. दोन वर्षं त्यांना तीस-चाळीस हजार परत येतात. तो म्हणतो, तुमचेही चाळीस हजार आणतो, त्यातले आठ माझे. काय दाखवणार विचारलं तर म्हणाला, पक्षाला देणगी आणि सासूबाईंचं अपंगत्व. मिस्टरांना पटत नाही, पण मुलाची फी तोंडावर आलीय. सगळे म्हणतात बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, मग आमचाच कसा कापला?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी तुम्हाला हवं ते उत्तर देतो. त्या माणसाकडं जाऊ नका. तो चाळीस हजार आणतो म्हणतोय ना, तुम्ही सांगितलेले आकडे बरोबर असतील तर तुमचे पूर्ण ५८,६५६ रुपये परत येतात. एकही खोटी गोष्ट न लिहिता. त्याला द्यायचे आठ हजारही वाचतात.

हे कसं, ते कळायला मिस्टरांचा फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, काढून समोर ठेवा. कारखान्यानं जूनच्या मध्यापर्यंत दिला असेल. त्याच्या भाग 'बी'मध्ये वरच्याच बाजूला एक ओळ आहे, कलम ११५बीएसी (म्हणजे नवी करपद्धत) मधून बाहेर पडलात का, अशा अर्थाची. पुढं 'होय' असणार. मी फॉर्म न बघता हे सांगतोय, कारण नाहीतर एवढा टॅक्स कापलाच गेला नसता. त्या एका 'होय'चा अर्थ असा की मिस्टरांनी ऑफिसात जुनी करपद्धत निवडली. बहुतेक सवयीनं. एप्रिलमध्ये अकाउंट्सवाला कागद फिरवतो, आपण एलआयसीची पावती जोडतो, मुलाची फी लिहितो, सही करतो. वीस वर्षं असंच केलंय, त्यामुळं वजावटी दाखवल्या म्हणजे टॅक्स वाचतो हे डोक्यात पक्कं बसलंय. ते खरंही होतं. पण २०२३-२४ पासून नवी पद्धत हीच मूळ धरली जाते, आणि २०२५-२६ साठी तिचे टप्पे इतके बदलले की तुमच्यासारख्या घराला जुन्या पद्धतीत राहणं म्हणजे निव्वळ नुकसान.

'बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही' हे जे सगळे म्हणतात, ते फक्त नव्या पद्धतीत. जुन्या पद्धतीत ती करसवलत अजून पाच लाखांवरच थांबलेली आहे. तुमचा कापला गेला तो एवढ्यामुळं.

आता हिशेब मांडतो, पेन घेऊन बसा. नव्या पद्धतीत पगार ९,६०,००० मधून स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० वजा, राहिले ८,८५,०००. त्यात सोसायटीचं व्याज मिळवायचं. साडेसात लाखांवर आठ टक्के धरले तर ६०,०००. एकूण ९,४५,०००. टप्पे असे: पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के. म्हणजे २०,००० आणि १४,५००, मिळून ३४,५००.

इथं ऊस आडवा येतो, आणि आपल्या भागात हीच गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण पाच हजारांच्या वर शेतीचं उत्पन्न असेल आणि बाकीचं उत्पन्न मूळ मर्यादेच्या (नव्या पद्धतीत ४ लाख) वर असेल, तर टॅक्सचा दर ठरवायला ते मोजलं जातं. शेतीवर टॅक्स नाही, पण शेती तुमच्या पगाराला वरच्या टप्प्यावर ढकलते. करायचं असं की ९,४५,००० आणि २,५०,००० मिळून ११,९५,००० वर टॅक्स काढायचा, तो ५९,५०० येतो. मग ४ लाख अधिक अडीच लाख, म्हणजे साडेसहा लाखांवरचा टॅक्स १२,५०० वजा करायचा. राहिले ४७,०००. शेतीमुळं ३४,५०० चे ४७,००० झाले. मात्र करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असलं की ६०,००० पर्यंतचा टॅक्स माफ होतो. ४७,००० त्यात बसतात. देणं शून्य.

शेत सीमेच्या अलीकडं कर्नाटकात असो की पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगडात, प्राप्तिकराला दोन्ही सारखंच. मोठं ऊसक्षेत्र असणाऱ्यांनी मात्र 'बारा लाखांपर्यंत शून्य' यावर डोळे झाकून बसू नये. समजा करपात्र उत्पन्न ११ लाख आणि ऊस ४ लाख. एकूण १५ लाखांवर टॅक्स १,०५,०००, त्यातून ८ लाखांवरचा २०,००० वजा, राहिले ८५,०००. माफ होतात फक्त ६०,०००. बाकी २५,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून २६,००० भरावे लागतात. बारा लाखांच्या आत असूनही. हे माहीत नसल्यानं लोक शेती दाखवतच नाहीत, आणि मग कारखान्यानं बँकेत जमा केलेलं उसाचं बिल कुठून आलं याचा खुलासा करताना फेस येतो. उसाची बिलं, उतारा, खताच्या आणि तोडणीच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं तर रिटर्नमध्ये जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, बागायत की जिरायत असं सगळं द्यावं लागतं. तुमचं अडीच लाख, तुम्हाला नुसता आकडा पुरे.

आता जुन्या पद्धतीत तुम्ही सगळ्या वजावटी इमानदारीनं घेतल्या असत्या तर काय झालं असतं, तेही बघू. म्हणजे मनात शंका उरायला नको. पगारातून स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० आणि कर्नाटकाचा व्यवसाय कर २,५०० गेले. व्याज मिळवलं. कलम ८०सी खाली पीएफ, एलआयसी आणि मुलाची ट्यूशन फी मिळून दीड लाखांची कमाल मर्यादा भरली. हॉस्टेलचा आणि मेसचा खर्च त्यात धरत नाहीत, फक्त शिकवणीची फी. शैक्षणिक कर्जाचं व्याज ८०ई खाली, समजा ३८,०००. सासूबाईंचा आरोग्य विमा नसेल तर त्यांच्या औषधोपचाराचे ५०,००० पर्यंत ८०डी खाली, फक्त रोख दिलेले नकोत. इतकं सगळं करून करपात्र उत्पन्न ७,२९,५०० वर येतं. पण शेती मिळवून जुन्या टप्प्यांनी हिशेब केला की टॅक्स उपकरासह ९९,७३६ होतो. ऑफिसनं व्याज आणि ऊस न धरता ५८,६५६ कापले. म्हणजे खरं सांगून जुन्याच पद्धतीत राहिलात तर परत मिळणं सोडा, वर ४१ हजार भरायचे. एकाच घराचा, एकाच वर्षाचा, खराखुरा हिशेब, पण एका रस्त्यानं लाखभर देणं आणि दुसऱ्या रस्त्यानं शून्य.

ऑफिसात जुनी निवडली म्हणून रिटर्नमध्येही तीच ठेवावी लागते असं नाही. मिस्टर पगारदार आहेत, धंद्याचं उत्पन्न नाही, त्यांना दरवर्षी रिटर्न भरताना निवड बदलता येते. प्राप्तिकराच्या पोर्टलवर रिटर्नच्या सुरुवातीलाच विचारतात, नव्या पद्धतीतून बाहेर पडायचंय का? तिथं 'नाही' असं निवडायचं. शेती पाच हजारांच्या वर असल्यानं रिटर्नचा साधा फॉर्म आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्या. ही चूक पुष्कळांची होते आणि रिटर्न सदोष ठरतं. ३१ जुलैच्या आत भरा. आणि टॅक्स शून्य म्हणून रिटर्नच नको, असंही समजू नका. उत्पन्न चार लाखांच्या वर असल्यानं भरणं बंधनकारक आहे, शिवाय भरल्याखेरीज पैसे परत कसे येणार? रिफंड ज्या बँक खात्यात हवा, ते खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्यावं लागतं. आपल्याकडं इथंच अडतं. पॅनवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं मराठी धाटणीचं पूर्ण नाव, आधारवर आद्याक्षरं पुढं, बँकेत आणखी तिसरंच. बसण्यापूर्वी तिन्ही कागद शेजारी ठेवून एक-एक अक्षर ताडून बघा. रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीनं पडताळणी करायची, नाहीतर ते भरलंच नाही असं धरतात.

आता त्या माणसाविषयी. तुम्ही त्याला काय दाखवणार हे विचारलंत, हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण विचारत नाहीत. त्याला कारणही आहे, आणि ते मला मनापासून लागतं. आपल्या घरात मराठी, उतारा कन्नडात, फॉर्म १६ इंग्रजीत. एकही कागद आपल्या भाषेत नाही म्हटल्यावर माणूस सगळी पिशवीच उचलून कुणाच्या तरी टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, बघा तुम्हीच. निपाणीकडचे एक निवृत्त गृहस्थ मागच्या पावसाळ्यात माझ्याकडं आले होते. पोर्टलवर त्यांच्या नावापुढं ईमेल दुसऱ्याचाच, मोबाइलही दुसऱ्याचा. फाइल भरणाऱ्यानं आपले घातलेले. खात्याच्या तीन नोटिसा त्या ईमेलवर येऊन पडल्या होत्या, आणि या माणसाला पहिली खबर लागली ती व्याज चढल्यावर. त्यांनी कधीच कुठल्या पक्षाला पाच रुपये दिले नव्हते. रिटर्नमध्ये देणगी दीड लाखाची होती. ते माझ्यासमोर बसून आपली सही परत परत बघत होते.

हे एकट्यादुकट्याचं नाही. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्यानं देशभरात दीडशे ठिकाणी खोट्या वजावटींची तपासणी केली. राजकीय देणगी, वैद्यकीय खर्च, घरभाडं, शैक्षणिक कर्ज, याच कलमांखाली हे प्रकार सापडले. आता देणगी घेणाऱ्याकडची माहिती, बँकेची माहिती, मालकानं दिलेली माहिती एकमेकांशी जुळवली जाते. खोटं सापडलं तर टॅक्स आणि व्याज तर आहेच, वर चुकवलेल्या टॅक्सच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. आणि दंड सही करणाऱ्याला, आठ हजार घेऊन गेलेल्याला नाही.

सासूबाईंचं म्हणाल तर गुडघा दुखणं किंवा ऑपरेशन होणं म्हणजे अपंगत्व नव्हे. ८०डीडी खाली ७५,००० ची वजावट मिळते ती अवलंबून असलेल्या व्यक्तीला किमान ४० टक्के अपंगत्व असल्याचा सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला असेल तेव्हा, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,०००. ज्यांच्या घरी खरोखर असं माणूस आहे त्यांच्यासाठी ती आहे. सासूबाईंना न विचारता त्यांच्या नावानं खोटा दाखला लावायचा, हे मिस्टरांना पटलं नाही ते योग्यच.

दिरांचं काम मात्र तातडीचं आहे. त्यांना हे पत्र वाचायला द्या. त्यांनी पहिल्यांदा पोर्टलवर स्वतः लॉग-इन करून आपला मोबाइल आणि ईमेल घालावा, मग दोन्ही वर्षांची रिटर्न उतरवून घेऊन प्रत्येक वजावटीसमोर आपल्याकडं पावती आहे का हे बघावं. जिथं नाही, ते अपडेटेड रिटर्न भरून सुधारता येतं. २०२४-२५ च्या उत्पन्नाचं ३१ मार्च २०२७ पर्यंत भरलं तर टॅक्स आणि व्याजावर २५ टक्के जादा द्यावे लागतात, २०२३-२४ च्या उत्पन्नाचं त्याच तारखेपर्यंत ५० टक्के. जड आहे, मला माहीत आहे. पण चौकशी सुरू झाली की हा रस्ता इतका सरळ राहत नाही. आलेले पैसे परत देऊन वर ही जादा रक्कम उभी करताना त्यांना तुमची मदत लागेल, ती करता आली तर करा. त्यांचीही फसवणूकच झालीय.

सोसायटीतले दीड लाख. ताई, हे वाईट वाटेल, पण त्या पाच वर्षांच्या ठेवीचा टॅक्सला काही उपयोग नाही, जुन्या पद्धतीतही नव्हता. ८०सी ची पाच वर्षांची मुदत ठेव शेड्यूल्ड बँकेत किंवा पोस्टातच चालते. सोसायटीतली, पतसंस्थेतली ठेव त्यात येत नाही, कितीही छान पावती दिली तरी. त्यातून तुमची दीड लाखांची मर्यादा पीएफ आणि फीनंच भरलेली होती. म्हणजे पाच वर्षं पैसे अडकवण्याचं कारणच नव्हतं. दुसरं, टॅक्सच्या बाहेरचं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्याही, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. सोसायटीतल्या ठेवीला ते नसतं. साडेसात लाख एकाच सोसायटीत ठेवू नका. जसजशा पावत्या पिकतील तसे थोडे बँकेत हलवा.

आणि सोसायटी टीडीएस कापत नाही म्हणून व्याज दाखवायचं नाही, हा समज सोडा. व्याज करपात्र आहेच. काही जण मिस्टरांचे पैसे बायकोच्या नावावर ठेवतात, म्हणजे व्याज वाटलं जाईल. नवऱ्यानं दिलेल्या पैशांचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. तुमची स्वतःची कमाई असेल, शिवणकामाची, शिकवणीची, तर तिचं व्याज तुमचं.

तुमचं उत्तर झालं. पण हे वाचून सगळ्यांनीच धावत नवी पद्धत घेऊ नये म्हणून थोडं. पगार १२,७५,००० च्या आत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल तर विचार करायची गरज नाही, नवीच. त्याच्या वर गेलं की मांडून बघावं लागतं. पगार १५ लाख असेल तर नव्या पद्धतीत टॅक्स ९३,७५० येतो, उपकर वेगळा. जुनी परवडायची तर स्टँडर्ड डिडक्शन धरून सगळ्या वजावटी ५,९३,७५० च्या पुढं जायला हव्यात. म्हणजे गृहकर्जाचं दोन लाख व्याज, ८०सी चे दीड लाख, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) जादा ५०,०००, म्हाताऱ्या आई-वडिलांच्या विम्याचे ५०,००० आणि वर घरभाडं, एवढं सगळं खरोखर असेल तर. बेळगावात भाड्यानं राहणाऱ्याला घरभाडे भत्त्याचा हिशेब मूळ पगाराच्या ४० टक्क्यांनी होतो, आणि वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. नव्या पद्धतीतही काही गोष्टी शिल्लक आहेत. मालकानं तुमच्या एनपीएसमध्ये भरलेली रक्कम पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत, फॅमिली पेन्शनवर २५,००० पर्यंत. शेअर विकून झालेल्या नफ्याला मात्र ती ६०,००० ची माफी लागू नाही.

एक राहिलं. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झालाय, त्यात कलमांचे आकडे बदललेत, ८०सी आता १२३ झालंय. तुमचं गेल्या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्यानंच भरायचं आहे. पण चालू वर्षाचा पगार आता नव्या कायद्याखाली, आणि मिस्टरांनी एप्रिलमध्ये सवयीनं परत जुनीच पद्धत लिहून दिली असेल तर दर महिन्याला पाच हजारांच्या आसपास पुन्हा कापले जातायत. त्यांना उद्याच अकाउंट्सला जाऊन विचारू दे, बदलून देता का म्हणून. काही ऑफिसं मधेच बदलून देतात, काही देत नाहीत. दिलं तर पुढच्या पगारापासून ते पैसे मुलाच्या फीला हाताशी येतील. नाही दिलं तर पुढच्या वर्षी रिटर्न भरताना परत मिळतील, फक्त तोवर थांबावं लागेल.